लॅपटॉपला एसएसडी दिसेना

दोन हजार नऊ साल. एका शनिवारी सकाळी, महाडच्या घरी, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला बसले... कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हटल्यावर एवढं तर जमणारच, असा माझा समज.

जुनी हार्ड डिस्क गेली होती. जाणारच... पोलादपूरवरून कुडपणपर्यंत ती जीपमध्ये आदळत आपटत गेली होती. मुंबईला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाने, नितीनने, मग तिच्या जागी बसवायला एसएसडी नावाची नवीनच वस्तू पाठवली. यात फिरणारं काही नाही ताई, कितीही धक्के बसू देत, म्हणाला.

आणि धक्के बसणारच होते, कारण दुसऱ्या दिवशी परत कुडपणला जायचं होतं. तिथे माझी मावशी, आईची पाठची बहीण, पाय मोडून खाटेवर पडलेली. तिचा मुलगा दुबईला, त्याला मुलगी झाली तीही तिकडेच... नातीचा पहिला वाढदिवस आला तरी मावशीने तिला पाहिलं नव्हतं. कोणाच्या तरी हाती नातीच्या व्हिडिओची सीडी आली होती, पण मावशीकडे टीव्ही नाही आणि विजेचा भरवसा नाही. वाढदिवसाला तुला नात दाखवते, असा शब्द मी देऊन बसले होते.

एसएसडी हातात घेतली तर इतकी हलकी, की आत काही आहे की नाही अशी शंका आली. कुठली बाजू वर, हे विचारायला नितीनला फोन लावला. घरात रेंज नाही म्हणून गॅलरीत गेले, बोलून परत आले, ती खाचेत सरकवली आणि झाकण लावलं. झाकण जरा जोर लावूनच बसलं... नवीन वस्तू, घट्ट असणारच.

लॅपटॉप चालू केला. लॅपटॉपला आत काय काय जोडलंय ते दाखवणारं बायोस उघडलं... हार्ड डिस्कच्या पुढे 'नन', म्हणजे काहीच नाही. बंद केला, परत चालू केला. 'नन'.

लॅपटॉप घेऊन परत गॅलरीत गेले, नितीन फोनवर एकेक सांगत होता. बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आण... आणल्या. बॅटरी काढून थांब... थांबले. इंग्रजीत लिहिलेलं सगळं वाचून दाखव... तेही दाखवलं. शेवटी तोच गोंधळला आणि म्हणाला, "ताई, तुझा लॅपटॉप जुना आहे, बहुतेक चालत नसेल त्याला." हे आधी नाही सांगता आलं?

उन्हातान्हात तसाच लॅपटॉप उचलून एसटी स्टँडजवळच्या रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने तो चालू केला, खाली कान लावला आणि गंभीर चेहरा केला. "मॅडम, आवाजच नाही. डिस्क फिरत नाहीये, मेलीये." मी म्हटलं, अहो, यात फिरणारं काही नसतंच. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच वाटलं, आपण काहीतरी बावळटासारखं बोललो. आवाज न येणं हे चांगलं की वाईट... मला खरंच काही कळेनासं झालं होतं.

घरी आले. आई दोनदा येऊन विचारून गेली, होईल ना गं? मी तिच्यावर खेकसले. मावशीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने रडू यायची वेळ आली होती.

शेवटी वैतागून झाकण उघडलं, एसएसडी ओढून काढली आणि खाच नीट दिसावी म्हणून लॅपटॉप खिडकीकडे तिरका धरला. टेबलक्लॉथवर काहीतरी पडलं... तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला.

अक्षता! माझ्या लॅपटॉपच्या पोटात अक्षता!

मी आईकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत उभी. "तू फोनवर होतीस तेव्हा टाकल्या दोन. नवी वस्तू बसवायची, आणि ती जागा अगदी रिकामी दिसत होती गं... रिकामी कशी ठेवायची?" मग हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीसाठीच चाललंय ना हे सगळं."

हसावं की ओरडावं, कळेना. दुसरा दाणा आत पिनांपाशीच अडकला होता, तो भुवयांच्या चिमट्याने काढला. या वेळी एसएसडी सरकवताना टक् असा आवाज आला आणि बायोसमध्ये तिचं नाव आलं. आईने देवाला नमस्कार केला... मी तिला मिठी मारली आणि विंडोज टाकायला बसले.

रविवारी आम्ही दोघी कुडपणला पोचलो. खाटेवर लॅपटॉप ठेवून सीडी लावली. पोरगी रांगत रांगत कॅमेऱ्याकडे आली आणि रागाने बघायला लागली. मावशी एकदम आईचा हात धरून म्हणाली, "आक्का, कपाळ बघ गो तिचं... आपली आयच हाय ती!"

आई स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली. मग म्हणाली, "हां गो. तशीच बघायची. रागावली की तशीच." महाडात ती असं 'गो' कधीच म्हणत नाही. बॅटरी संपेपर्यंत त्या दोघी तेवढंच परत परत लावायला सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

नितीन, तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते रे, आज मानते. आमच्याकडे आजीचा एकही फोटो नाही. ती दिसायची कशी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.