पोळ्याचा गोंडा

आमचा जुना ट्रक कधी एका बोटावर वळायचा, तर कधी अंगातला सगळा जोर लावूनही स्टेअरिंगचं चाक हलायचं नाही. कापसाचे दिवस तोंडावर आलेले आणि घरचे म्हणत होते, विकून टाका. शेवटचं दाखवावं म्हणून बोथ गावच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे नेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं पॉवर स्टेअरिंगचं तेल पाहिलं, ते भरलेलं होतं. त्याच्या पंपाचा पट्टा दाबला, तोही ताठ. मग गाडीखाली शिरून मला चाक फिरवायला लावलं, आणि खालून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

"भाऊ, पोळ्याले याले सजवलं व्हतं का?"

"सजवलं नं! बैल इकले आमी. आता हाच आमचा बैल."

पोळ्याला स्टेअरिंगला मी बांधलेला लाल गोंडा घसरून खाली, स्टेअरिंगच्या दांड्याच्या जोडात गुंडाळला गेला होता. त्याची दोरी कधी अडकायची, कधी मोकळी व्हायची. मिस्त्रीनं गोंडा सोडवला, झटकून माझ्या हातात दिला.

"पोळा सरला नं भाऊ. आता त्याले मान वळवू द्या."

मग तो स्वतःच चढला आणि एका बोटानं चाक फिरवत, बैल हाकल्यासारखा ओरडत, समोरच्या मैदानात गोल गोल ट्रक पळवू लागला. काम कधीच झालं होतं, तरी उतरेना. शेवटी मीच गोंडा घेऊन धावत गेलो आणि त्याच्या बाजूला चढून बसलो.