बरं बसणारं जू

पिंपळगाव राजाचे अर्जुनराव सुतार टेप वापरत नसत. बैलाची मान नजरेनं जोखायची, उजव्या हाताची वीत लाकडावर ठेवायची आणि तासायला वाकस चालवायचा. गावात ट्रॅक्टर आले, बैलजोड्या शंभरावरून पंधरावर आल्या, पण सत्तरीतही त्यांचं एक बोलणं बदललं नाही: "माह्या जुवानं आजवर कोन्या बैलाचा खांदा आला नाही." खांदा येणं म्हणजे जुवाखाली सुजणं, सोलवटणं. हे न घडणं एवढीच त्यांची आयुष्यभराची कमाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खामगावचे तायडे मास्तर त्यांच्याकडे आले. निवृत्त शिक्षक, रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे.

"अर्जुनराव, एक शब्द अडला. येशू सांगतो, माझं जू खांद्यावर घ्या, ते 'ख्रेस्तॉस' आहे. शब्द ग्रीक. कोशात अर्थ दिलेत चांगलं, उपयोगी, दयाळू. कुणी सोपं म्हणतं. पण जू दयाळू कसं असेल?"

"सोपं म्हंजे हलकं का?" अर्जुनराव हसले. "हलकं जू मानेवर नाचते, मास्तर. जू बरं बसाव लागते. बैलाले वाटलं नाही पायजे का काही ठेवलं हाये."

मास्तरांनी ते वहीत उतरवलं. "येशूही सुतारच होता बरं."

"मंग काऊन अडले? आपलाच भाऊबंद निंगाला! चाला, तुमाले माहं जूच दाखवतो."

दोघं गावातल्याच शेतकरी शेषरावांच्या गोठ्यात गेले. त्यांच्या जोडीला अर्जुनरावांनी जेठात नवं जू करून दिलं होतं. आज खांदशेकणी. वर्षभर ओझं वाहिलेला खांदा हळद-लोण्यानं चोळायचा, पळसाच्या पानानं शेकायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. शेषरावांची बायको वच्छलाबाई तेच करत होती.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती हरण्याच्या कानाशी म्हणाली. पण त्याच्या खांद्यावर हळद जरा जास्तच जाड होती. अर्जुनरावांनी हात ठेवला तसा हरण्या अंग चोरून मागे सरला. हळदीखाली रुपयाएवढी जखम.

"कवापासून?"

शेषराव खाली पाहू लागले. वच्छलाबाईच बोलली, "महिना झाला, मामाजी. जुवाले पोत्याची घडी लावून चालवलं. तुमाले सांगावं तं तुमाले वाईट वाटन."

"अन् बैलाले?"

अर्जुनरावांनी भिंतीला टेकवलेलं नवं जू पाहिलं. शेजारी जुनंही होतं, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं. जुन्याच्या खाचेत, बैलाची मान बसते तिथं, त्यांनी वीत ठेवली. बोटभर कमी पडली. नव्याच्या खाचेत ठेवली. अगदी बरोबर बसली. त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला. बोटं वाकली होती, सांधे फुगले होते. हात कधी आखडला, ते त्यांना कळलंच नव्हतं.

नवं जू त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मास्तर हात लावायला गेले. "राहू द्या." मागच्या बोळानं जाता आलं असतं, पण ते पारावरूनच निघाले. तिथं गावातला भाऊराव बसला होता.

"काय हो अर्जुनराव, पोळ्याच्या तोंडावर सोताच जुंपून घेतलं का?"

"हाव बे. चुकलं माहं. माह्या जुवानं हरण्याचा खांदा आला."

भाऊराव उगाच टोपी सारखी करू लागला.

संध्याकाळी अर्जुनराव सुतळीचा तुकडा घेऊन परत गोठ्यात आले. जखमेला न लागू देता हरण्याच्या मानेवरून त्यांनी सुतळी फिरवली आणि गाठ मारली. त्या मापानं खाच रुंद केली, कड गोल केली. तळहात फिरवायचा, जिथं खुपेल तिथं पुन्हा रंधा. पोळा झाला. जखम भरेपर्यंत हरण्या जुंपायचा नाही, असं त्यांनी शेषरावांना बजावलं.

सतरा दिवसांनी जोडी वखराला लागली. अर्जुनराव शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून राहिले. दुपारी जू उतरताच त्यांनी हरण्याच्या खांद्यावर हात ठेवला. केस सरळ, कातडी थंड. हरण्या सरला नाही, शेपटीनं माशी हाकलत उभा राहिला.

तिथूनच त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तो शब्द वहीत हाये नं? त्याच्याखाली एक लिवा. बरं बसलं का नाही, हे सुताराले नाही, बैलाले इचाराव."