सुंदररावांची दोन माणसांची गाडी

दिंद्रुडात सुंदररावांच्या जीपमध्ये कधीच बसला नाही असा माणूस शोधावा लागेल. बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की कुणाची सोयरीक बघायला जायचं असो, जीप दारात हजर. बायको बायनाबाई वारल्यावर तर ते सकाळी चहा टाकून ओट्यावर येऊन बसत, आज कोण बोलवायला येतंय म्हणून. मुलगा पुण्यात. आम्हीच त्यांचं घर होतो.

आणि याच माणसाने गेल्या वर्षी जीप विकली! एका कंपनीने स्वस्तातली स्पोर्ट्स कार काढली होती. ठेंगणी, लालभडक, दोनच माणसांची. त्यातही मोजक्याच गाड्या काढून कंपनी थांबणार होती. सुंदररावांना तरुणपणापासूनची हौस, ते पाघळले.

हॉटेलात सुंदररावांशी माझा वाद झाला. मी म्हणालो, "स्वस्त म्हणायचं अन् कुणाला मिळू द्यायची न्हाई, ह्यो कुठला न्याय? मागतील तेवढ्या काढाव्यात की."

"येडा का खुळा बे तू? गल्लोगल्ली झाली तर तिला कोण इचारतंय? मोजक्याच पायजेत. जिल्ह्यात एकच, अन् ती आपली."

झालंही तसंच. गाडी आली, आठवडाभर दारात जत्रा. म्हातारी दगडाबाई हौसेने आत बसली, तिला बाहेर ओढायला दोघं लागले. मग गर्दी ओसरली. दवाखान्याला, बाजाराला लोक गावातल्याच भागवतची पिकअप बोलावू लागले. दोन माणसांच्या गाडीला कोण काय सांगणार? सुंदरराव एकटेच माजलगावहून पेंडीचं पोतं घेऊन येत. पट्टा लावला नाही की गाडी बोंबलते, म्हणून शेजारच्या सीटवर पोत्याला पट्टा बांधलेला असे. मला आधी हसू आलं. नंतर फार वाईट वाटलं.

परवा माजलगावला गावातल्या अंजूचं लग्न होतं. त्याच सकाळी मोबाइलवर बातमी आली, कंपनी आणखी गाड्या काढणार. मी लगेच चिडवायला गेलो. "गेली की तुमची किंमत!"

सुंदरराव चिडले नाहीत. "काढू दे. लई काढू दे. समोरून तसलीच गाडी आली तर आतला माणूस हात तरी करल." मग त्यांनी पोतं खाली उतरवलं, फडक्याने सीट पुसली. "लग्नाला माझ्यासंगं चल की."

"आमी चौघं हाव, सुंदरराव. भागवतला सांगून ठिवलंय."

"बरं, बरं," म्हणाले.

पिकअप खच्चून भरली. गावाबाहेर पडलो आणि मागे लाल गाडी दिसली. भागवत सावकाश चालवतो. रस्ता मोकळा होता. त्याने खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खुणावलं. सुंदरराव पुढे गेले नाहीत. शेजारची पुसलेली सीट रिकामी होती. आमच्या पोरांनी हात हलवला, तसा त्यांनीही हलवला. एवढी पळणारी गाडी, पण माजलगाव येईपर्यंत ते आमच्या मागेच राहिले.