नवे टायर पुढं

आता जे सांगणार आहे ते माझ्या बायकोला ठाऊक नाही, आईला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि दादाला — माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला — तर मुळीच नाही. नऊ वर्षं झाली. मला वाटायचं, झालं गेलं, विषय संपला. पण गेल्या महिन्यात दादाच्या घरी बसलो असताना असं काही ऐकलं की मी हबकलोच. खरं सांगतो, अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलायला मी केव्हाही तयार असतो — तोच तर रोग आहे.

आम्ही नगरजवळच्या केडगावचे. मी एमआयडीसीत सुपरवायझर. मेकॅनिक नाही, पण तोरा असा की मेकॅनिकनंच मला येऊन विचारावं! मोबाईलवर परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघायचे — कमी पैशात गाडी वळणावर रस्त्याला कशी चिकटवायची, स्प्रिंगा कशा बसक्या करायच्या — आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत ते ज्ञान पाजळायचं. कुणाच्या गाडीला काही झालं की मलाच हाक. त्या हाकेची चटक लागते हो माणसाला.

त्या वर्षी दादानं एक जुनी पांढरी गाडी घेतली, वहिनींसाठी. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली झाली ती थेट कर्जतच्या अलीकडं, एका वस्तीवरच्या शाळेत. एसटीनं जायचं तर दोन गाड्या बदला आणि पुढं पायी चाला. त्यांची पोरगी ऋतुजा तेव्हा नऊ वर्षांची. तिला इथं सोडून तिकडं खोली घ्यायची नाही, रोज अपडाउन करायचं, असं वहिनींनी ठरवलं आणि पस्तिशीत त्या गाडी शिकल्या. तीन महिन्यांत! आणि लई झकास चालवायच्या. हे आज म्हणतोय. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं असतं का? छे.

गाडी त्यांची, पण तिचा डॉक्टर मी, आणि रविवारी ती माझ्या ताब्यात. मित्रांना घेऊन चांदबिबीच्या महालाकडं जायचो, त्या चढावरच्या वळणांवर. तिथं ती गाडी माझी लाज काढायची. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी ती — वळणात जरा जोरात घातली की तोंड आत घेतच नाही, सरळ बाहेर पळायला बघते. मित्र हसायचे. मला झोंबायचं. मग मी ठरवलं, हिला सुधारायचीच, आणि तीही जवळपास फुकटात.

काय काय केलं म्हणता? मागच्या स्प्रिंगा ग्राइंडरनं दीड-दीड वेढा कापल्या. मागची बाजू बसकी आणि कडक झाली. वजन नको म्हणून स्टेपनी काढून घरी ठेवली. वहिनींना एवढंच म्हणालो, "जरा काम केलंय." राहिले टायर. चारही गुळगुळीत झालेले, आणि दादाला तेव्हा दोनच परवडत होते.

दादा आणि मी अन्वरचाचांच्या दुकानात गेलो. चाचा म्हातारा माणूस, अख्खं आयुष्य टायरात गेलेलं. ते म्हणाले, "नवे मागं टाका. पुढचं घसरलं तर स्टेअरिंगनं सांभाळता येतं. मागचं बूड सुटलं ना, तर कुनाच्या बापाला आवरत न्हाई." दादा म्हणाला, "चाचा म्हनत्यात तसंच कर." मी म्हणालो, बरं. दादा कामावर गेला. त्याची पाठ वळली आणि मी चाचांना म्हणालो — पुढं टाका. ट्रॅक्टर बघत वाढलेली माणसं आम्ही. ट्रॅक्टरची मागची चाकं ओढतात म्हणून चांगले टायर मागं, मग हिची पुढची ओढतात तर चांगले पुढं, एवढं सरळ माझं शास्त्र. मागची काय, नुसती फरफटत येतात! चाचांनी जॅक पुढच्या चाकाशी सरकवला. "तुमची मर्जी," म्हणाले.

रविवारी गाडी वळणात अशी शिरली म्हणून सांगू! मित्रांचं हसणं बंद. एका वळणावर मागचं बूड किंचित बाहेर गेलं, तेही मला कळलं. नाही कळलं असं म्हणणार नाही. मला मजा वाटली.

आणि सोमवारी तीच गाडी वहिनी घेऊन गेल्या.

चार-पाच दिवसांनी सगळे जेवायला बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी वळनावर मागून फेकती." बरोबर बोलत होत्या, शंभर टक्के बरोबर. इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या मित्रांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मी काय म्हणालो? "शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल वाहा वहिनी, फेकायची थांबंल." सगळं घर हसलं. वहिनीसुद्धा हसल्या. आठवड्यानं त्यांनी परत एकदा सांगितलं, मी एकटा असताना, हळू आवाजात — चारचौघांत परत हसं नको म्हणून असेल. तेव्हा म्हणालो, "हळू चालवत जा." पुढची-मागची चाकं अदलाबदल करायला अर्धा तास लागला असता मला.

एप्रिल होता. सकाळची शाळा करून वहिनी घरी निघालेल्या. रखरखीत ऊन, पावसाचं नाव नाही. पण त्या रस्त्यावर एका वळणाशी पाण्याचा टँकर वस्तीकडं आत वळायचा, आणि टँकर गळका. डांबर ओलं, वर मातीचा चिखल. वहिनींना पाणी दिसलं आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. बस्स. कुणीही शहाणा माणूस उचलेल. गाडीचा भार पुढं आला, मागची गुळगुळीत चाकं सुटली, गाडी गरकन फिरली आणि मागच्या अंगानं बाभळीवर जाऊन आदळली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. नशीब, जिवावरचं हातावर निभावलं, असं सगळे म्हणाले.

दादा दवाखान्यात धावला, मी गाडीकडं. आता नीट ऐका. बाभळीला टेकलेली ती गाडी मी पाहिली. सीटवर काचा, काचांत वहिनींचा डबा, तपासायच्या वह्या पार पायाखाली विखुरलेल्या. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? वहिनी कशा असतील? नाही. पहिला विचार आला — टायर. दादानं टायर बघितले तर? आई शप्पथ, हाच. मी असा आहे.

टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये आणली. दुपारची वेळ, माणसं जेवायला गेलेली. मी जॅक लावला आणि चाकं उतरवली. त्यांना काही झालं नव्हतं, वाकलं होतं ते सगळं पत्र्याचं. नवे टायर मागं टाकले, गुळगुळीत पुढं. एक नट हातातून पडला नाही. स्प्रिंगांकडं कुणी वाकून बघणार नव्हतं, ते मला माहीत होतं. संध्याकाळी दादा आला. मागच्या टायरवरून हात फिरवत म्हणाला, "मागं तर नवे हायेत. चाचांनी सांगितलं तसंच. मग झालं काय?"

मी म्हणालो, "ब्रेक दाबला असंल वळनात. घाबरून."

बघा, किती छोटं वाक्य. तयार करून ठेवलं नव्हतं, तोंडात आपसूक आलं.

दवाखान्यात वहिनी परत परत सांगत होत्या, "मी ब्रेकला पायच लावला न्हाई, भाऊजी. नुसता पाय उचलला." हात प्लास्टरमध्ये, चेहरा पांढराफटक. मी खुर्ची जवळ ओढून त्यांना समजावलं. समजावलं! ब्रेक दाबला की भार पुढं येतो, मागची बाजू हलकी होते, गाडी फिरते — सगळं खरं, फक्त ब्रेक खोटा. नवशिक्याला आपण दाबलेलं कळतसुद्धा नाही, पाय आपोआप जातो, असंही म्हणालो. आणि केवढ्या मायेनं म्हणालो! दादा शेजारी उभा राहून मान हलवत होता. दोन दिवस वहिनी नाही नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

गाडी भंगाराच्या भावात गेली. वहिनींनी परत स्टेअरिंगला हात लावला नाही. कर्जतला खोली घेतली. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायच्या, शनिवारी यायच्या. सहा वर्षं. ऋतुजाच्या वेण्या माझ्या बायकोनं घातल्या. तापात ती काकूला बिलगायची. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिनं आईला फोनवर सांगितलं, आणि पलीकडं वहिनी रडत असलेल्या आम्हाला इकडं ऐकू येत होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मी काय करत होतो? त्या सहा वर्षांत माझ्या गाडीची चार वेळा पंक्चर निघाली असतील, एकदाही अन्वरचाचांच्या गल्लीत गेलो नाही. एवढंच केलं.

आता गेल्या महिन्याचं. ऋतुजाला अठरा पूर्ण झाली. तिला गाडी शिकायची होती. फॉर्म भरून तयार, दादाही तयार. सल्ल्याला मला बोलावलेलं — घरातला गाडीतला माणूस ना मी! वहिनी मात्र नको म्हणत होत्या. "माझ्यावर गेली असंल तर? आपल्याला न्हाई जमत बाई ते. मला अजून जसंच्या तसं आठवतं — पानी दिसलं आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पार खालपर्यंत." आणि त्यांनी फरशीवर पाय दाबून दाखवला. दोन्ही.

मी त्या पायांकडं बघतच राहिलो. त्यांना आठवतंय? जे घडलंच नाही ते आठवतंय? दवाखान्यात जी बाई मोडलेल्या हातानं मला सांगत होती की पायच लावला नाही, तिला आज चपलेखालचं ते पेडल जाणवतंय! त्या खोटं बोलत नव्हत्या हो. मला वाटायचं, मनात कुठंतरी वहिनींना खरं काय ते माहीत असेल, त्या नुसत्या गप्प बसल्या असतील. त्याच आधारावर मी नऊ वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आलो. आणि त्यांच्याकडं तर खरं शिल्लकच नव्हतं. ते आता जगात फक्त माझ्याकडं आहे.

ऋतुजा माझ्याकडं वळली. "काका, खरंच? आई तर कधीच घाबरत नाही कशाला."

इतक्या वर्षांत मला असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. दादा बघत होता. वहिनी बघत होत्या. माझं कुणी काय बिघडवणार होतं आता? चाळिशी उलटली माझी. नोकरी आहे, घर आहे. एक 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय गं. ब्रेकच दाबला हुता. मी बघितली की गाडी."

पहिल्या वेळी भ्यालो होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी तर भीतीही नव्हती. वहिनींनी लेकीकडं बघून मान हलवली, बघ, काकाही तेच म्हणतायत, अशी. ऋतुजानं फॉर्मची घडी घातली आणि टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला की पोरीनं नाद सोडला, बरं झालं तू सांगितलंस.

वहिनींनी ब्रेक दाबला नव्हता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा उच्चारलं, ते तुमच्यापुढं. त्यांच्यापुढं नाही.