माझ्या लॉगिनवरचा ट्रक

चाकणच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथले कामगार शिफ्टपुरते अडकायचे. मी मात्र कायमची अडकले होते, आणि मला अडकवणारी गोष्ट होती माझं स्वतःचंच लॉगिन.

आम्ही गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनवून एका मोठ्या कंपनीला पाठवायचो. कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल आहे, याची फाइल रोज पहाटे आमच्या सर्व्हरवरून आपोआप त्यांच्याकडे जायची. ती पोचली नाही की ट्रक त्यांच्या गेटबाहेर उभा आणि मालकांचा फोन मला. आपोआप हे नुसतं म्हणायला. माझ्या आधीच्या माणसाने ते काम स्वतःच्या लॉगिनवर लावलं होतं. तो सोडून गेला, त्याचं लॉगिन बंद झालं, आणि घाईघाईत तिथे माझं घातलं गेलं. शिवाय मी सर्व्हरवर लॉगिन करून ठेवलेलं असेल तरच ते चालायचं. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की कोणीतरी तिथे जाऊन माझा पासवर्ड टाकायला हवा. पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही, घरून लॉगिन करायचं नाही, हे त्या मोठ्या कंपनीचे नियम. म्हणजे ते कोणीतरी मीच.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही गुरुवारीच. वीज गेली की थोड्या वेळाने इन्व्हर्टर मान टाकायचा आणि सर्व्हर बंद पडायचा. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मी भोसरीत एका खोलीत राहायचे. मुलगी लहान, तिला सांभाळायला इथे कोणी नाही, म्हणून ती साताऱ्याला माझ्या आईकडे. बुधवारी संध्याकाळी मी एसटी धरायचे, आणि गुरुवारी ताटावर बसले की फोन. पहिल्यांदा मुलगी खूप रडली. पुढे तिने रडणं सोडून दिलं. फोन वाजला की ती माझी बॅग ओढत आणून दाराशी ठेवायची आणि माझ्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करायची. किती शहाणी आहे बघ, असं आई कौतुकाने म्हणायची. मला त्या शहाणपणाचा राग यायचा, आणि राग काढायला कोणी नसायचं.

साताऱ्यातल्या एका शाळेत मला कॉम्प्युटरचं काम मिळालं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं, पण जुन्या ठिकाणाहून मोकळं केल्याचं पत्र हवं होतं. मी राजीनामा मालकांसमोर ठेवला. स्वतःच्या शेतात कारखाना उभा केलेला माणूस, बोलायला गोड. त्यांनी कागद वाचला आणि टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवला.

"ताई, तुमी घरातलं माणूस. आमी काय अडवत न्हाई. ज्या दिवशी तुमच्याबिगर फाइल जाईल, त्या दिवशी तुमी मोकळ्या."

अडवत नाही म्हणत त्यांनी मला पुरती अडवली होती. मी कामाला लागले.

कोणाही माणसाचं नसलेलं, फक्त त्या कामासाठीचं एक नवं खातं मी काढलं आणि फाइलचं काम त्याच्यावर टाकलं. ते सुरूच होईना. कोणी समोर नसताना काम करायची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती दिली. मग ते सुरू व्हायचं आणि लगेच मरायचं. फाइल ज्या ड्राइव्हवर होती, ती ड्राइव्ह फक्त माझ्या लॉगिनला दिसत होती. नव्या खात्यासाठी ती जगात नव्हतीच. तिचा पूर्ण पत्ता लिहून दिला. त्यानंतर पडद्यावर काम यशस्वी म्हणून दिसायला लागलं, आणि फाइलचा पत्ता नाही. या प्रकाराने मी रडकुंडीला आले. मी स्वतः चालवून बघितलं की सगळं झकास, कारण ते माझ्याच अधिकारात चालायचं. शेवटी कळलं की नव्या खात्याला तो फोल्डर वाचता येत होता, त्यात लिहिता येत नव्हतं.

"मग सगळ्याच परवानग्या देऊन टाका की त्याला," मालक म्हणाले.

"तुमच्या कपाटाच्या चाव्यापण देऊ का?" मी विचारलं. नव्या खात्याला मी फक्त त्या एका फोल्डरात लिहायची परवानगी दिली.

नव्या खात्याचा पासवर्ड मुद्दाम मालकांनाच टाकायला लावला आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. "बघा की, बरोबर पडलाय का," असं ते सारखं म्हणत होते. मी वळले नाही. एकदा वळले असते तर तोही माझ्याच गळ्यात पडला असता.

परीक्षा खंडेनवमीला होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळी मशीनं बंद करून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मालक सर्व्हरलाही सोडायचे नाहीत. तोही मशीनच, त्यालाही एक दिवस आराम, असा त्यांचा हट्ट. दर वर्षी पूजा उरकली की सर्व्हर चालू करून लॉगिन करायला मी तिथेच. या वेळी मी साताऱ्याला निघून आले. संध्याकाळी बटण मालकांनी दाबायचं होतं.

दसऱ्याला सकाळी आई पुरण वाटत होती. मी काहीच करत नव्हते, नुसती फोनकडे बघत होते. फोन वाजला.

"ताई, गेली फाइल. गाडीबी आत गेली. कुणी हात न्हाई लावला. तुमचं पत्र करून ठेवतो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वळून बघितलं तर बॅग दाराशी होती, चपलांची तोंडं बाहेर होती, आणि मुलगी बॅगेचा पट्टा धरून उभी होती.

"ठेव आत," मी म्हटलं. "आज नाही जायचं."

"मग कधी जाणार?"

"आता फक्त सामान आणायला जायचंय. मग इथेच राहणार."

तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. बॅग तिने आत नेली नाही.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "परत वाजेल."