तिसगावचा व्हायरस

तिसगावच्या व्हायरसची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. सावेडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं चहाला टेकलेला एकही माणूस ती ऐकल्याशिवाय सुटलेला नाही. पण आता लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि माझ्या पोटात तर एरवी गल्ली ओलांडेपर्यंतही काही टिकत नाही.

गोष्ट अशी. तिसगावात आप्पांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. त्यांच्या सुनेनं, मंगलनं, गाणी ऐकायला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून असा व्हायरस सुटला, की पत्रिकेवरचा गणपती नवरदेवाकडे पाठ करून बसला, कीबोर्डातून धूर निघाला आणि शेजारची पिठाची गिरणी उलटी फिरून पिठाचे गहू करायला लागली. लोक पोट धरून हसतात.

आणि खरं काय झालं? सांगतो — पण आधी ते मशीन कसलं होतं, ते... पाहिलंत? अजून मी आडरस्त्यानंच चाललोय.

मशीन म्हातारं होतं, जुन्या विंडोज एक्सपीवालं. आप्पांचं मराठी टायपिंग नव्या विंडोजवर चालेना, म्हणून जुनी सिस्टिम आहे तशी उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर बसवायची, एवढंच काम. दोन्ही डिस्क एकाच मशीनला जोडायच्या आणि कुठून कुठं उतरवायचं ते सांगायचं. डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. इथं थांबून नीट वाचायचं असतं. पण मी कधी थांबलोय? विहिरीत पडलेला लॅपटॉप मी कसा जिवंत केला, ते आप्पांना रंगवून सांगत होतो — आणि बोलता बोलता बटण दाबलं. उलटं. कोरी डिस्क जुनीवर उतरायला लागली.

पडद्यावरची कामाची पट्टी थोडीशीच सरकली होती. मी वायर उपटली. पण जुन्या डिस्कवर नांगर फिरला होता. साऱ्या पत्रिका गेल्या, आणि त्यांत मंगलच्या वेलबुट्ट्या, मोर, तोरणं. दुपारी घरचं उरकून ती माउसनं एकेक पान काढत बसायची.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

"व्हायरस दिसतोय," मी म्हणालो. "कुणी पेनड्राइव्ह लावला होता का?"

मी नाव घेतलं नव्हतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण त्या मशीनवर दोघंच बसायची, हे मला ठाऊक नव्हतं का?

आप्पा सुनेकडं वळले. "तरी मी म्हनत हुतो, बाईच्या हातात मशीन नगं."

"आप्पा, मी न्हाई लावला," मंगल म्हणाली. "आपल्याकडं पेनड्राइव्ह हायच कुटं?"

तिनंच केलेला चहा माझ्या हातात होता — तो संपवला.

आता त्या दुकानात मशीनवर पगारी माणूस बसतो. मंगल मागं बसून पत्रिका दुमडते. आणि मी? मी त्याची गोष्ट केली, गावोगाव नेली.

परवा कर्जतला एका लग्नात फर्माईश झाली, तेव्हाही सांगितली. मागच्या खुर्चीवर मंगल होती, मला माहीत नव्हतं. उठताना म्हणाली, "चांगलं रंगवता, भाऊ. गिरनी मागल्या खेपंला नव्हती."

म्हणजे ती आधीही ऐकत होती.

बाजाराच्या दिवशी मी तिसगावला जातोय. आप्पांचं दुकान तेव्हा गिऱ्हाइकांनी भरलेलं असतं — म्हणून तोच दिवस. खोटं चारचौघांत सांगितलं, हेही चारचौघांतच सांगायचं. तिनं चहा पुढं केला, तर बोलून होईपर्यंत कपाला हात लावणार नाही. बोलायचं थोडंच आहे आणि त्यात एकही शब्द वाढवायचा नाही, असं ठरवलंय. व्हायरस नव्हता. पेनड्राइव्ह नव्हता. डिस्क मी पुसली आणि बोट मंगलकडं दाखवलं.

शेजारची गिरणी त्या दिवशी सरळच दळत होती.