धबधब्याखालचं गुळगुळीत पान

वनस्पतींचे वाळवलेले नमुने कागदावर चिकटवण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. शोधाचं श्रेय कायम दुसऱ्याचं, डिंक तेवढा बाईंचा. त्यामुळे डोंगरात, धबधब्याखालच्या कातळावर गुळगुळीत पानांचं ते वीतभर रोप दिसलं आणि बाईंचा जीव त्यात अडकला. त्याची सगळी भावंडं केसाळ पानांची, म्हणजे हे नक्की नवं. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्याआधी हे आपल्या नावावर छापून आणायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

संग्रहालयाचे साहेब मात्र अडून बसले. "फूल आणलंत, फळ कुठंय? फळाशिवाय नवी प्रजाती जाहीर करता येणार नाही."

पहिल्या वर्षी बाई पोचल्या तोवर पानं वाळून गळाली होती आणि फळं तडकून रिकामी झाली होती. दुसऱ्या वर्षी ऐन वेळी तपासणी निघाली आणि रजा नाकारली गेली. त्या दिवशी घरी भांड्यांची काही खैर नव्हती.

"अगं, ते रोप कुठे पळून जातंय?" नवरा म्हणाला.

"ते नाही, पण मी चाललेय ना निवृत्त होऊन."

शेवटचा महिना उरला तेव्हा त्या कुरकुरते गुडघे घेऊन पुन्हा चढल्या. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते, धबधब्याची नुसती धार उरली होती. फळं लगडलेली. कात्री लावताना अंगठ्याला पान खरखरीत लागलं. बाईंनी भिंग काढलं. जुनी पानं गुळगुळीत, पण पाणी ओसरल्यावर फुटलेली सगळी केसाळ. म्हणजे पाण्याच्या माऱ्यानेच पानांवरचे केस झडत होते. हे तर प्रत्येक ओढ्याकाठी उगवणारं जुनंच रोप. फुलासाठी सगळे भर पावसातच चढायचे, त्यामुळे पाणी ओसरल्यावर फुटलेलं पान कुणी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी धबधब्याला, साहेबांना आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. फक्त फळं न्यावीत, खरखरीत पानं इथेच खुडून टाकावीत, असंही मनात आलं. साहेब थोडेच डोंगर चढणार होते? बराच वेळ त्या कात्री हातात धरून बसून राहिल्या.

"आणलंत फळ?" साहेब खुर्चीतून उठलेच. "बाई, नव्या प्रजातीला तुमचंच नाव देऊ या म्हणतो मी."

बाईंनी आधी पान पुढे केलं. साहेबांनी भिंगातून पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं.

"हे पान आणलं नसतंत, तर कुणाला कळलं नसतं हो."

"मला कळलं होतं ना," बाई करवादल्या आणि डिंकाची बाटली उघडायला लागल्या. झाकण काही केल्या निघेना.